ऊन पाण्यात विसण किती?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डोंगरातील उष्ण झऱ्यांच्या गावावर आलेला सचित्र लेख आवडीने वाचला. दरीत उतरणारे धुके, लाकडी सज्जे आणि कुंडावर रेंगाळणारी वाफ यांचे वर्णन लेखकाला चांगले साधले आहे. मात्र लेखात झऱ्याचे तापमान ६५ अंश सेल्सियस दिले आहे आणि त्याच मजकुराच्या शेजारी, गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या हसतमुख प्रवाशांचे छायाचित्र छापले आहे. ६५ अंशांच्या पाण्यात कोणी गळ्यापर्यंत बसत नाही आणि बसलाच तर हसत नाही. ६० अंशांचे पाणीसुद्धा पाच-सहा सेकंदांत कातडी खोलवर भाजते. तेव्हा मजकुरातले पाणी आणि छायाचित्रातले पाणी एकच नव्हे, हे उघड आहे. झऱ्याच्या मुखापासून कुंडापर्यंतच्या वाटेत त्या पाण्याचे काहीतरी केले गेले आहे, आणि नेमके तेच सांगायचे लेखात राहून गेले आहे.

कढत पाणी सोसवेल इतके निववण्यासाठी त्यात जे थंड पाणी घालतात त्याला आपण विसण म्हणतो. स्नानासाठी प्रसिद्ध असलेल्या कोणत्याही डोंगरी गावात पाऊल ठेवणाऱ्याने पहिला प्रश्न या विसणाचा विचारायला हवा, असे माझे मत आहे. झरा माणसाच्या सोयीचे तापमान पाहून उगवत नाही. हिमाचल प्रदेशातील मणिकर्णचे पाणी जवळजवळ उकळत्या अवस्थेत बाहेर येते. (सुमारे १,७०० मीटरवर पाणी १०० नव्हे, तर ९४-९५ अंशांनाच उकळते, हेही जाता जाता सांगायला हवे.) कार्लोव्ही व्हारी या चेक गावातील मुख्य झऱ्याचे पाणी ७२ अंशांच्या आसपास असते आणि ते बारा मीटरपर्यंत उसळते. ऑस्ट्रियातील बाड गास्टाइनचे झरे ४५ अंशांच्या पुढे जातात. स्नानाचे पाणी साधारणपणे ३६ ते ४२ अंशांचे असते. या दोन आकड्यांमधले अंतर कापण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. थंड पाणी मिसळता येते, नळ्यांचे वेटोळे थंड पाण्यातून फिरवून उष्णता काढून घेता येते, किंवा पाण्याला उघड्यावर थोडा वेळ देता येतो.

जपानमधील कुसात्सू या सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या गावाने तिसरी वाट धरली आहे. तिथे गावाच्या मधोमध झरा फुटतो आणि त्याचे पाणी उघड्या लाकडी पन्हळींमधून वाहवत नेऊन निववले जाते. कुंडात उरलेली धग काढण्यासाठी माणसाहून उंच फळ्यांनी पाणी घुसळण्याची जुनी पद्धतही तिथे आहे. हा खटाटोप कशासाठी, असे कोणालाही वाटेल, कारण शेजारी थंड पाण्याचा नळ सोडला तर काम मिनिटांत होईल. पण कुसात्सूच्या पाण्याचा सामू २ च्या जवळपास आहे, म्हणजे ते लिंबाच्या रसाच्या तोडीचे आम्ल आहे. लोखंडी खिळा त्यात ठेवला तर काही दिवसांत झिजून सुईसारखा होतो. विसण घातले की तापमान उतरते आणि त्याबरोबर आम्लताही उतरते. मग ज्या पाण्यासाठी माणूस डोंगर चढून आला ते पाणी तितकेसे उरत नाही. घुसळल्याने पाणी निवते, पण पातळ होत नाही. अर्थात ही वाटही पूर्ण निर्दोष नाही, कारण उघड्यावर निवताना विरघळलेले वायू उडून जातात. ज्या झऱ्याची ख्याती त्याच्या वायूंमुळे आहे तिथे ही पद्धत उपयोगाची नाही. प्रत्येक पाण्याची निववण्याची रीत वेगळी असते, आणि ती रीत कळली की गाव निम्मे कळले असे समजावे.

या बाबतीत जपानने एक धडा जाहीरपणे, आणि बराच ओशाळून घेतला. नागानो प्रांतातील डोंगरात शिराहोने नावाचे गाव आहे. तिथले पाणी झऱ्यातून बाहेर पडताना निवळ असते आणि हवा लागल्यावर दुधासारखे पांढरे होते. त्या पांढऱ्या पाण्यासाठीच लोक तिथे जातात. २००४ मध्ये असे उघडकीस आले, की तिथल्या काही कुंडांत पाण्याचा पांढरेपणा ओसरल्यावर स्नानाची तयार पूड टाकून तो टिकवला जात होता. पाठोपाठ इतर गावांच्या भानगडीही बाहेर आल्या. काही ठिकाणी नळाचे तापवलेले पाणी झऱ्याचे म्हणून खपवले जात होते. त्यानंतर २००५ मध्ये नियम बदलले आणि प्रत्येक स्नानगृहाला चार गोष्टी फलकावर लिहिणे बंधनकारक झाले: पाण्यात पाणी मिसळले आहे का, ते वेगळे तापवले आहे का, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवले जाते का, आणि त्यात काही पूड किंवा जंतुनाशक घातले आहे का. पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाचा तक्ता तिथे आधीपासूनच लावावा लागत असे. २००७ च्या दुरुस्तीने ते पृथक्करण दर दहा वर्षांनी नव्याने करण्याची सक्तीही आली. यातील एकही गोष्ट करायला त्या नियमांनी मनाई केलेली नाही. करा, पण सांगून करा, एवढाच त्यांचा आग्रह आहे, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

हे सारे मी पुस्तकी जिज्ञासेने लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका डोंगरी गावी मी चार दिवस राहिलो होतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष त्या गावाचा नव्हता. मी उतरलो होतो त्या विश्रामगृहाच्या पाटीवर 'नैसर्गिक उष्ण झऱ्याचे पाणी' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. गावातल्या सार्वजनिक कुंडाजवळ गेले की कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास येई, कुंडाच्या काठावर पिवळसर पांढरे पुट चढलेले असे, आणि पाणी पडायच्या दगडी तोंडाशी बोटभर जाडीचा खरखरीत थर जमलेला होता. पहिल्याच दिवशी तिथे बोटातली चांदीची अंगठी काढायला विसरलो आणि बाहेर येईपर्यंत ती तव्याच्या बुडासारखी काळी पडली. हायड्रोजन सल्फाइड चांदीवर बसला की हे होतेच. दुसऱ्या दिवशी घासून लख्ख केलेली तीच अंगठी घालून मी विश्रामगृहाच्या कुंडात अर्धा तास बसलो, आणि ती जशीच्या तशी राहिली. नळाच्या तोंडाशी पुटाचा लवलेश नव्हता. पाण्याला वास होता, पण तो पोहण्याच्या तलावाला असतो तसा क्लोरीनचा. मागच्या अंगणात गेलो तर एक बॉयलर घरघरत होता. व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की झऱ्याचे पाणी 'थोडे' येते आणि बाकीचे 'जोडून' घेतात. थोडे म्हणजे किती, हे त्यांनी सांगितले नाही, आणि माझ्याही तोंडून पुढचा प्रश्न निघाला नाही.

इथे एक सावधगिरी नोंदवायला हवी, नाहीतर वाचक अंगठ्या घेऊन परीक्षेला निघतील. वास नाही, पुट नाही, म्हणून पाणी खोटे असा अर्थ काढता येत नाही. बाड गास्टाइनच्या पाण्यात क्षार इतके कमी आहेत की ते रंग, वास आणि चव या तिन्ही बाबतीत साध्या पाण्यासारखेच लागते. म्हणूनच डोळ्यांवर आणि नाकावर भिस्त ठेवण्यापेक्षा लिखित तक्ता मागणे बरे.

आता हे पाणी ऊन का होते, याबद्दल लेखात 'ज्वालामुखीच्या कृपेने' असे एक वाक्य आले आहे. काही ठिकाणी ते खरे असते आणि कुसात्सू त्यांपैकीच एक आहे. पण जगातल्या कितीतरी उष्ण झऱ्यांजवळ ज्वालामुखीचा मागमूसही नसतो. जमिनीखाली जसजसे खोल जावे तसतसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जाते. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस आणि वितळलेले बर्फ खडकांच्या बारीक भेगांतून मुरत दोन-तीन किलोमीटर खाली जाते आणि तिथे सावकाश तापते. मग एखादी मोठी भेग, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या भाषेत विभंग, सापडली की ते तिच्यातून दरीच्या तळाशी वर येते. वर येण्याची ही वाट मोकळी आणि वेगाची असावी लागते, नाहीतर पाणी वाटेतच निवून कोमट होते. हे झरे बहुधा दऱ्यांमध्ये आणि तेही एका रांगेत का आढळतात, याचे उत्तर यातच आहे. डोंगराची उंची पाण्याला खाली ढकलते, खोली त्याला तापवते, आणि भेग त्याला बाहेर आणते.

या प्रवासाला लागणारा काळ मात्र चकित करणारा आहे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात डोंगरांच्या कुशीत हॉट स्प्रिंग्ज याच नावाचे गाव आहे. तिथे सुमारे ६२ अंशांचे पाणी बाहेर येते आणि जवळपास ज्वालामुखी नाही. कार्बनच्या साहाय्याने त्या पाण्याचे वय काढले तेव्हा ते सुमारे ४,४०० वर्षे आले. आज तिथे ओंजळीत घेतलेले पाणी इजिप्तचे पिरॅमिड बांधून झाल्यानंतरच्या कुठल्याशा पावसात पडलेले आहे. अमेरिकन काँग्रेसने ते झरे १८३२ मध्येच सरकारी संरक्षणाखाली घेतले, म्हणजे यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान होण्याच्या चाळीस वर्षे आधी. तुमच्या लेखात 'अक्षय झरा' असा शब्दप्रयोग आहे. तो कानाला गोड लागतो. पण चार हजार वर्षे चालून आलेल्या पाण्याला अक्षय म्हणणे म्हणजे पूर्वजांनी साठवलेल्या ठेवीला पगार समजण्यासारखे आहे.

झरा जातो, आणि जातो तेव्हा फार वेळ घेत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण चेक देशाच्या बोहेमिया भागातील टेप्लिट्से या गावाचे आहे. ओर पर्वतरांगेच्या पायथ्याचे हे गाव शतकानुशतके ऊन पाण्यासाठी नावाजलेले होते, आणि तिथला झरा आठव्या शतकात डुकरांनी शोधल्याची दंतकथा आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, त्याच दिवशी दुपारच्या सुमारास दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, क्षणभर थांबले आणि मग लालसर गाळ घेऊन इतक्या जोराने उसळले की स्नानाची कुंडे भरून वाहिली. एवढ्या उलथापालथीतून तो झरा तगला. पुढे १८७९ च्या फेब्रुवारीत, काही किलोमीटरवरच्या कोळशाच्या खाणीत खोदकाम करताना भिंत फुटली आणि भूगर्भातल्या पाण्याचा लोंढा खाणीत शिरला. वीसहून अधिक खाणकामगार बुडून मेले. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच टेप्लिट्सेचा मुख्य झरा आटला. खाण एकीकडे आणि झरा दुसरीकडे होता, दोघांच्या मालकांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण खाली पाणी एकच होते. पुढे खोल विहीर खणून आणि पंप लावून त्या गावाला ऊन पाणी परत मिळवावे लागले.

झऱ्याभोवती किती अंतरापर्यंत खोदकामावर बंधन असावे, याचा विचार फ्रान्सने त्याआधीच, १८५६ च्या कायद्याने केला होता. सार्वजनिक हिताचा म्हणून घोषित झालेल्या झऱ्याभोवती संरक्षित परिघ आखण्याची तरतूद त्यात होती. न्यूझीलंडमधील रोटोरुआला हे शहाणपण उशिरा सुचले. घरोघरी आणि हॉटेलोहॉटेली कूपनलिका घेऊन ऊन पाणी उपसले जात होते आणि नैसर्गिक झरे व गीझर (म्हणजे जमिनीतून उसळणारे ऊन पाण्याचे फवारे) मंदावत चालले होते. १९८६ मध्ये सरकारने पोहुतू या प्रसिद्ध गीझरपासून दीड किलोमीटरच्या आतल्या सर्व कूपनलिका बंद करवल्या. तेव्हा लोकांनी बराच आरडाओरडा केला, पण पुढच्या काळात झऱ्यांमध्ये पुन्हा जीव आला. म्हणूनच 'प्रत्येक खोलीत स्वतंत्र उष्ण कुंड' ही जाहिरात वाचली की मला कौतुकापेक्षा काळजी अधिक वाटते. शंभर खोल्यांची शंभर कुंडे रोज भरायची तर एक तर झऱ्यावर ताण येणार, नाहीतर बॉयलर घरघरणार.

याहून नाजूक विषय औषधी गुणांचा आहे. सांधेदुखी, त्वचारोग, निद्रानाश आणि 'जुनाट व्याधी' यांवर हे पाणी रामबाण आहे असे लेखात म्हटले आहे. ऊन पाण्यात बसल्याने स्नायू सैल होतात, पाणी अंगाला वर उचलून धरत असल्याने सांध्यांवरचा भार हलका होतो आणि दुखणे काही काळ ओसरते, हे अनुभवाने कोणीही सांगेल. पण रामबाण हा शब्द फार मोठा आहे. आमवातावर अशा स्नानांचा किती उपयोग होतो याचा, वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असेच त्यांना म्हणावे लागले. दोन आठवडे कामाची दगदग नाही, डोंगरातली हवा आहे, रोज चालणे होते आणि झोप पुरेशी होते, एवढ्याने माणसाला बरे वाटले तर त्यात पाण्याचा वाटा किती, हे वेगळे काढणे खरोखरच अवघड आहे. अठराव्या शतकात कार्लोव्ही व्हारीचे वैद्य डेव्हिड बेखर यांच्या हे ध्यानात आले असावे. त्यांच्या आधीचे रोगी कातडी फुटेपर्यंत तासन्‌तास पाण्यात बसत. बेखर यांनी पाण्याचे पृथक्करण केले आणि पाण्याचे पेले हातात देऊन रोग्यांना चालायला लावले. त्या गावातील लांबलचक स्तंभमंडप दिसायला सुंदर आहेतच, पण मुळात ते पाणी पीत पीत फेऱ्या मारण्यासाठी बांधलेले आहेत.

बाड गास्टाइनची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची आहे. तिथल्या पाण्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू विरघळलेला असल्याचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळले, आणि किरणोत्सार म्हणजे नवचैतन्य अशी समजूत असलेल्या त्या काळात ही मोठी जमेची बाजू ठरली. १९४० च्या दशकात जवळच्या डोंगरात सोन्यासाठी एक बोगदा खणला गेला. सोने लाभले नाही, पण उष्ण, दमट हवेत काम करणाऱ्या मजुरांनी आपली सांधेदुखी कमी झाल्याचे सांगितले, आणि आज त्या बोगद्यात रोग्यांना वैद्यकीय तपासणीनंतर छोट्या रेल्वेने नेतात. दुसरीकडे, धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटना याच वायूकडे बोट दाखवते. घरात साचणारा वायू वर्षानुवर्षे श्वासात जाणे आणि काही तासांचा मोजका उपचार यांत फरक आहे, हे मान्य. तरीही ज्या पानावर त्या पाण्याचे गुण छापायचे त्याच पानावर त्या वायूचे नावही छापले गेले पाहिजे, मग कोणी काय ते ठरवावे.

दक्षतेविषयी लेखात एकही ओळ नाही, म्हणून थोडे लिहितो. गरम टबांसाठी अमेरिकेत ४० अंशांची कमाल मर्यादा सांगितली जाते आणि ती झऱ्याच्या कुंडालाही लावायला हरकत नाही. हृदयविकार किंवा कमी रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मद्य घेऊन तर कोणीच उतरू नये. ऊन पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात. पाण्याचा दाब भोवती असेपर्यंत ते जाणवत नाही, पण एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते आणि घेरी येते. मला स्वतःला त्या चार दिवसांत ती आली. वीस मिनिटे बसून ताडकन उठलो, तोच काठ, कठडा आणि समोरचा डोंगर एकाच दिशेने कलताना दिसले. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी दंड धरला म्हणून निभावले. त्यांनी एकच सांगितले, की आधी काठावर बसायचे, पाय पाण्यात ठेवायचे, शंभर आकडे मोजायचे आणि मग उठायचे. पुढचे तीन दिवस मी तसेच केले आणि पुन्हा त्रास झाला नाही.

डोके पाण्याखाली न घालण्याचा नियमही नुसत्या शिष्टाचारापुरता नाही. इंग्लंडमधील बाथ या गावी १९७८ मध्ये तिथल्या ऊन पाण्यात पोहलेली एक मुलगी अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराने दगावली आणि जुनी स्नानकुंडे पोहणाऱ्यांसाठी बंद झाली. हा अमीबा गोड्या ऊन पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. असे प्रसंग अत्यंत विरळ असतात, पण नाक पाण्याबाहेर ठेवायला काही कष्ट पडत नाहीत. गंधकाचा वास येणाऱ्या कोंदट, बंद न्हाणीत दार-खिडकी उघडी असल्याची खात्री करावी. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की तो प्रथम नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे तिथे समजू नये. आणि कुंपणापलीकडच्या, मुखाजवळच्या डबक्यात पाय बुडवून पाहण्याचा मोह आवरावा. यलोस्टोनच्या उष्ण डबक्यांत आजवर वीसहून अधिक माणसे भाजून मेली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना ते पाणी वरून निवळ आणि निळेशार दिसले होते.

हे सारे लिहिले म्हणून मी अशा गावांच्या विरोधात आहे असा कृपया गैरसमज नसावा. संध्याकाळी हवेत गारठा उतरलेला असताना गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसावे, कानाच्या पाळ्या थंड आणि तळवे ऊन असावेत, आणि बोलायला कोणालाच काही सुचू नये, हे सुख मी चार दिवस घेतले आहे आणि संधी मिळाली तर पुन्हा घेईन. पुढच्या वेळी फक्त फलक वाचून उतरेन, आणि फलक नसेल तर तो अर्धवट राहिलेला प्रश्न पूर्ण विचारेन.

आपल्या पुरवणीकडे माझे एवढेच मागणे आहे, की उष्ण झऱ्यांच्या गावावर लेख छापताना शेवटी एक लहानशी चौकट द्यावी. झऱ्याच्या मुखाशी तापमान किती आणि कुंडात किती, पाण्यात मुख्य क्षार आणि वायू कोणते, विसण घालतात की पाणी तसेच निववतात, तेच पाणी पुन्हा फिरवतात का, आणि ते पिण्याजोगे आहे का, एवढे तिच्यात असले तरी पुरे. पिण्याचा प्रश्न क्षुल्लक समजू नये, कारण खोल खडकांतून आलेल्या पाण्यात फ्लोराइड आणि आर्सेनिकही विरघळून येऊ शकतात, आणि अंगावर घ्यायला चालणारे पाणी पोटात घ्यायला चालेलच असे नाही. ही माहिती मिळवायला लेखकाला एक-दोन प्रश्न जास्त विचारावे लागतील. त्यांची उत्तरे मिळाली नाहीत तर 'विचारले, पण सांगितले नाही' असे चौकटीत छापावे. वाचकाला तेवढ्यावरूनही बरेच कळेल.

तोपर्यंत, गेल्या रविवारच्या लेखातील ६५ अंश हे झऱ्याच्या मुखाशी मोजलेले तापमान आहे, कुंडातले नव्हे, असे असल्यास तेवढी दुरुस्ती पुढच्या अंकात ठळकपणे द्यावी, ही विनंती. लेख वाचून कोणी तरी सामान बांधायला घेतलेही असेल.

कळावे.

आपला नम्र,
पुरवणीचा एक नियमित वाचक